थिजलेलं तेल आणि दहा मिनिटांचा शेक

उन्हाळ्यात याच सदरात डोळ्यांच्या कोरडेपणावर लिहिलं, तेव्हापासून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं पापणीबद्दल आहेत. पापणीत गाठ येते, जाते, परत येते. सकाळी पापण्या चिकटतात. कडा लाल राहतात. सोलापुरात दवाखाना सुरू करून मला 26 वर्षं झाली, आणि अशी एखादी पापणी समोर आली नाही असा दिवस आठवत नाही. म्हणून या वेळची सगळी जागा पापणीला.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे, हिंजवडीला नोकरी करते. दीड वर्षात तिसऱ्यांदा पापणीत वाटाण्याएवढी गाठ आली. दर वेळी औषधाच्या दुकानातून मलम आणते. लाली जाते, गाठ तशीच राहते. दुपारनंतर डोळे चुरचुरतात, पाणीही येतं. पाणी येतंय म्हणजे डोळे कोरडे नसणार ना? आई म्हणते उष्णता आहे, सब्जा खा. एका डॉक्टरांनी शेकायला सांगितलं होतं. तीन दिवस शेकलं, काही फरक नाही. (पुणे)

उत्तर : ताई, आधी आरशासमोर उभ्या राहा आणि खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा. पापणीचे केस उगवतात त्याच्या किंचित मागे, डोळ्याच्या बाजूला, कडेवर बारीक ठिपक्यांची एक ओळ दिसेल. ती तेलाच्या ग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा 30 ते 40 ग्रंथी असतात, खालचीत 20 ते 30. पापणीच्या आत त्या उभ्या, शेजारीशेजारी बसलेल्या असतात. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. हाइनरिक मायबोम या जर्मन डॉक्टरांनी 1666 साली त्यांचं नीट वर्णन केलं. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच साल. इतकी जुनी ओळख असूनही आपल्यापैकी बहुतेकांना पापणीत तेल असतं हे गाठ आल्यावरच कळतं.

हे तेल हवं कशाला? आपण पापणी मिटतो तेव्हा ग्रंथी दाबल्या जातात, थेंबभर तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो. दुधावर साय धरली की खालचं दूध लवकर आटत नाही, तसं. तेल कमी पडलं की अश्रू भराभर उडून जातात, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो, चुरचुरतो. मग मेंदू घाबरून नळ सोडतो आणि डोळ्यातून पाणी वाहायला लागतं. त्या पाण्यात तेल नसल्यामुळे ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच. तेव्हा तुमच्या डोळ्यांना पाणी येतंय ते कोरडेपणामुळेच.

आता गाठ. डिसेंबरात न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते, उलटी केली तरी थेंब पडत नाही, तेव्हा आपण काय करतो? बाटली गरम पाण्यात उभी करतो. तुमच्या पापणीत नेमकं हेच झालंय. निरोगी ग्रंथीतलं तेल पापणीच्या नेहमीच्या उबेला पातळ असतं. ग्रंथी बिघडली की ते घट्ट होतं आणि तोंडाशी अडकतं. दवाखान्यात मी यंत्राखाली पापणी हलकेच दाबते तेव्हा चांगल्या ग्रंथीतून स्वच्छ तेलाचा मणी उमटतो, बिघडलेल्या ग्रंथीतून पांढरट, मेणासारखी बारीक शेवई बाहेर येते. तोंड पूर्ण बंद झालं तर तेल आतल्या आत फुटून आजूबाजूच्या मांसात शिरतं. शरीर त्याला परकं समजून भोवती कोंडाळं करतं. तीच तुमची वाटाण्याएवढी गाठ, कॅलेझियन. तिच्यात बहुतेक वेळा जंतू नसतात, म्हणून जंतू मारणाऱ्या मलमाने ती जात नाही.

सब्जा जरूर खा, त्याने नुकसान काही नाही. पण आईंना सांगा, इथे अंगात उष्णता वाढलेली नाही. पापणीला ऊब कमी पडते आहे.

मलमाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय. ‘लाली जाते’ असं तुम्ही लिहिलंत म्हणून शंका येते की त्या मलमात स्टेरॉइड असावं. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली मलमं आपल्याकडे दुकानात मागितली की मिळतात. नळीवर शेवटी ‘सोन’ येणारं नाव आहे का पाहा, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन असं काही. डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ते औषध उत्तम आहे. मनाने महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होतो. दाब वाढताना दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. तिशीतल्या, डोळ्याची नस कायमची सुकलेल्या माणसाला ‘आता हे परत येणार नाही’ असं सांगायची वेळ माझ्यावर आलेली आहे. ती नळी घेऊन एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि दाब मोजून घ्या.

आता शेक. तीन दिवसांत फरक पडला नाही याचं नवल वाटत नाही. कसा शेकलात हेही विचारायला हवं. माझी आई रांजणवाडी आली की पदराचा बोळा करायची, त्यावर फुंकर मारायची आणि डोळ्यावर धरायची. त्या उबेची आठवण आजही आहे, बरं वाटायचं. पण अडकलेलं तेल सैल व्हायला पापणीवर साधारण 40 अंशांची ऊब सलग काही मिनिटं टिकावी लागते, आणि फुंकरीची ऊब क्षणात विरते. एकदा दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती तेव्हा थर्मामीटर घेऊन बसले. 45 अंशांच्या पाण्यात बुडवून पिळलेला साधा हातरुमाल मिनिटभरातच कोमट झाला. आमच्या सोलापुरी टेरीच्या छोट्या नॅपकिनची चौघडी केली तर दोन मिनिटं. म्हणजे रुमाल एकदा ठेवून दहा मिनिटं आडवं पडायचं, याला शेक म्हणता येत नाही. दर दोन मिनिटांनी तो पुन्हा गरम पाण्यात बुडवावा लागतो.

याचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. म्हणून सोपी युक्ती सांगते. जुन्या सुती कापडाची डोळ्यांएवढी लांबट पिशवी शिवा, त्यात दोन मुठी कोरडे तांदूळ भरा. मायक्रोवेव्हमध्ये वीस-पंचवीस सेकंद. ती ओलसर पिळलेल्या नॅपकिनमध्ये गुंडाळायची आणि आधी मनगटाच्या आतल्या बाजूला धरायची. वीस आकडे मोजेपर्यंत सहज सोसली तरच डोळ्यावर. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ. तव्यावर तापवलेलं फडकं थेट डोळ्यावर दाबून पापणी पोळलेले लोक दर वर्षी माझ्याकडे येतात. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी मनगटाची परीक्षा दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी.

दहा मिनिटं शेकलं की लगेच, तेल पुन्हा थिजायच्या आत, मालिश. हात साबणाने धुतलेले हवेत. डोळे मिटून वरच्या पापणीवर बोट वरून खाली फिरवायचं, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. डाळीचं सालपट निघेल एवढाही जोर नको, आणि बुबुळावर दाब अजिबात नको. पाच-सहा वेळा पुरे. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा बुबुळ टोकदार होण्याचा आजार असलेल्यांनी आधी विचारल्याशिवाय मालिश करू नये. शेवटी कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने केसांच्या मुळाशी कड पुसायची. खपल्या असतील तर पापणी पुसायचे तयार ओले कागद मिळतात, ते चांगले.

गाठ असेपर्यंत दिवसातून दोनदा. गेल्यावर रोज रात्री एकदा, दात घासतो तसं, कारण ग्रंथींचा स्वभाव आठवड्याभरात बदलत नाही. चार ते सहा आठवडे मनापासून करूनही गाठ राहिली तर छोटी शस्त्रक्रिया असते. पापणी उलटून आतल्या बाजूने छेद घेतात, आतलं खरवडतात, बाहेर टाका नाही, व्रण नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. वारंवार होणाऱ्यांना आम्ही कधी डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन देतो. ती मनाने घेऊ नका. दिवस राहिले असतील किंवा बेत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

राहिलं तुमचं काम. माणूस मिनिटाला साधारण पंधरा वेळा डोळे मिटतो. पडद्यासमोर हे निम्म्याच्याही खाली येतं आणि मिटणंही अर्धवट होतं, वरची पापणी खालचीला टेकतच नाही. ग्रंथी दाबल्या गेल्या नाहीत तर तेल निघणार कसं? दर अर्ध्या तासाने दहा वेळा डोळे सावकाश, पूर्ण मिटा. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर खुर्ची फिरवून घ्या. आणि काजळ. पापणीच्या आतल्या कडेवर आपण काजळाची रेघ ओढतो ती बरोबर त्या ठिपक्यांच्या ओळीवर, म्हणजे ग्रंथींच्या तोंडावर बूच. निदान सहा महिने तरी काजळ बाजूला ठेवा. आणि एवढ्यांदा गाठी येतायत, तर एकदा साखर तपासून घ्या.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या वरच्या पापणीत तीन आठवड्यांपासून गाठ आहे. सासूबाई लवंग उगाळून लावतात. पापणीचा एक केस उपटला की रांजणवाडी बसते असंही त्या म्हणतात. मुलगी शेकू देत नाही. शस्त्रक्रियेच्या नावाने माझ्याच पोटात गोळा येतो. (रत्नागिरी)

उत्तर : लवंग थांबवा, आजींना दुखावू नका. लवंगेचं तेल तिखट असतं. ते डोळ्यात उतरलं तर बुबुळाला इजा होते, आणि मूल डोळा चोळतंच. आजींच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. रांजणवाडी म्हणजे केसाच्या मुळाशी झालेली पुळी. तिच्यात पू असतो, ती ठणकते, टोकाला पिवळी होते. अशा पिकलेल्या पुळीतला केस डॉक्टर चिमट्याने काढतात, पू वाट काढतो आणि आराम पडतो. पण तो चिमटा दवाखान्यात. घरी नखाने केस ओढून किंवा पुळी पिळून जंतू आत ढकलले जातात. तुमच्या मुलीची गाठ तीन आठवडे टिकून आहे आणि तुम्ही दुखण्याबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे ती बहुधा रांजणवाडी नाही, अडकलेल्या ग्रंथीची गाठ आहे.

लहान मुलांच्या गाठी बऱ्याचदा शेकानेच जिरतात. शेकायची वेळ गोष्टीच्या वेळेशी बांधा. माझ्या एका छोट्या पेशंटच्या आजोबांनी नियम केला होता, तांदळाची पिशवी डोळ्यावर असेपर्यंतच गोष्ट पुढे सरकणार, पिशवी काढली की राक्षस जागच्या जागी उभा. दीड महिन्यात गाठ गेली आणि मुलगा गोष्टीसाठी पिशवी मागत राहिला. मुलांसाठी ऊब मोठ्यांपेक्षा कमी ठेवा, आणि आधी तुमच्या स्वतःच्या डोळ्यावर पाच मिनिटं धरून बघा.

एका गोष्टीसाठी मात्र तपासणीला न्या. वरच्या पापणीतली मोठी गाठ बुबुळावर दाब देते आणि तात्पुरता तिरकस नंबर तयार करते. या वयात एका डोळ्याला महिनोन्‌महिने धूसर दिसलं तर तो डोळा आळशी होतो. तसं काही होत असेल तर शस्त्रक्रियेला घाबरून थांबू नका. मुलांना थोडा वेळ भूल देतात आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी जातात. पूर्ण पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखलं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रश्न : मुरमांसाठी त्वचेच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्यात. चार महिन्यांपासून डोळे कोरडे, लेन्स टोचते. संबंध आहे का? (20 वर्षं, कोल्हापूर)

उत्तर : आहे. ही गोळी चेहऱ्यावरच्या तेलग्रंथी आक्रसवते, म्हणून मुरमं जातात. पापणीतल्या ग्रंथी त्यांच्याच भावंडं, त्याही आक्रसतात. गोळी मनाने बंद करू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांना सांग, ते मात्रा बघतील. तोवर लेन्सऐवजी चष्मा, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू आणि शेक. आणि रात्री गाडी चालवताना नीट दिसत नसेल तर तेही सांग. या गोळीने क्वचित तसं होतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. पापणीच्या तेलासाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल दोन वर्षं घेते आहे. आता मैत्रीण म्हणते की प्रकाशाचे झोत देऊन ग्रंथी मोकळ्या करतात. करू का? (ठाणे)

उत्तर : बाई, कॅप्सूलबद्दल अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, ‘ड्रीम’ नावाची. तिचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. कोरड्या डोळ्यांच्या 535 लोकांना वर्षभर रोज एक तर 3000 मिलिग्रॅम ओमेगा-3 दिलं, नाहीतर ऑलिव्हचं तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि जवळजवळ सारखंच. मीही तोवर या कॅप्सूल भरपूर लिहून देत होते. त्यानंतर डोळ्यांसाठी म्हणून लिहून देणं बंद केलं. बांगडा, तारली आवडत असतील तर आनंदाने खा.

प्रकाशाच्या झोतांनी काहींना गुण येतो, विशेषतः चेहऱ्यावर कायम लाली असणाऱ्या गोऱ्या लोकांना. आपल्या सावळ्या कातडीवर डाग पडायचा किंवा पोळायचा धोका जास्त, त्यामुळे यंत्राची ताकद आपल्या वर्णाप्रमाणे लावणाऱ्या अनुभवी हातांकडेच जावं. आणि त्याआधी तीन महिने रोजचा शेक झालेला असावा. ग्रंथी किती शिल्लक आहेत याचा फोटो काढता येतो, तो आधी काढून घ्या. सुकून गेलेली ग्रंथी कुठल्याच उपायाने परत येत नाही.

प्रश्न : आई घरी विड्या वळते. तिच्या पापण्यांच्या कडा कायम लाल, खपल्या, खाज. डॉक्टरांनी थेंब दिले, ते संपले की पुन्हा तेच. (सोलापूर)

उत्तर : तुमच्या आईसारख्या कितीतरी जणी माझ्याकडे येतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, दिवसभर बोटं त्यात. डोळ्याला खाज आली की त्याच हाताने चोळलं जातं, आणि तंबाखूच्या धुळीने कड आणखी पेटते. काम थांबवा असं मी म्हणणार नाही, घर त्यावर चालतं. शेजारी एक ओला स्वच्छ रुमाल ठेवायला सांगा, खाज आली तर रुमालाच्या कोऱ्या टोकाने पुसायचं. काम उरकल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवून मग तोंडाला पाणी, नंतर वर सांगितलेला शेक. एकदा यंत्राखाली केसांची मुळंही दाखवून घ्या. केसाभोवती कोंड्याची बारीक नळी दिसली तर ती डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याची खूण असते. त्याचे उपाय वेगळे आहेत, नेहमीच्या थेंबांनी तो जात नाही.

प्रश्न : माझ्या यजमानांचं वय 68. वरच्या पापणीतली गाठ दोनदा कापून काढली. पाच महिन्यांत त्याच जागी पुन्हा आली. तिथले केसही गळलेत. दुखत काहीच नाही, म्हणून ते म्हणतात राहू दे. (कराड)

उत्तर : काकू, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. इथे छापते आहे ते इतरांसाठी, कारण असं ‘राहू दे’ म्हणणारे पुष्कळ आहेत.

साठीनंतर त्याच जागी परत आलेली गाठ, तिथले गळलेले केस, एकाच डोळ्याची न जाणारी लाली, यांतलं काहीही असेल तर शेक नाही, मलम नाही, थेट तुकडा तपासणीला पाठवायचा. याच तेलग्रंथींचा एक कर्करोग असतो आणि तो साध्या गाठीचं सोंग घेतो. पाश्चात्त्य देशांत तो विरळा, पण आपल्याकडे पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा बराच मोठा आहे. लवकर सापडला तर तेवढा भाग काढून पापणी पुन्हा नीट बांधता येते. उशीर झाला तर तो कानापुढच्या, मानेच्या गाठींत उतरतो.

मी शिकत होते तेव्हा असेच एक शेतकरी आजोबा आले होते. दोनदा खरवडून झालेलं. मी तिसऱ्यांदा खरवडलं आणि तो तुकडा कचऱ्याच्या ट्रेमध्ये टाकणार, एवढ्यात आमच्या मॅडमनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, “परत आलेली गाठ फेकायची नसते.” तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला. आठ दिवसांनी अहवाल आला, कर्करोग होता, लहान होता. त्यांचा डोळा वाचला. त्यानंतर परत आलेली एकही गाठ मी तपासल्याशिवाय टाकलेली नाही.

काकांची गाठ तसलीच असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण आधीच्या दोन वेळचा तुकडा तपासला होता का, हे त्या दवाखान्यात विचारा, अहवाल असेल तर मागून घ्या. या वेळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधीच सांगा की तुकडा तपासायचा आहे. बाटलीवर काकांचं नाव आणि कुठल्या डोळ्याची ते स्वतः वाचा, बाटली प्रयोगशाळेत स्वतः नेऊन द्या, पावती जपून ठेवा. अहवाल आला की मला कळवा.